न वाटली जाणारी संख्या



बारा लाडू असले की वाटणी सोपी. दोन ताटांत सहा-सहा, तीन ताटांत चार-चार. एक लाडू वाढला की पंचाईत. तेरा लाडू सारखे वाटायचे तर सगळे एकाच ताटात, नाहीतर तेरा ताटांत एकेक. अशा संख्येला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. त्या कधीच संपत नाहीत, हे ग्रीक गणिती युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केलं.

पण मोठी मूळ संख्या हाती लागणं कठीण. त्यासाठी एक जुनी वाट आहे. समजा, डब्यात पहिल्या दिवशी १ रुपया टाकला, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ४, असे रोज दुप्पट. तिसऱ्या दिवशी डब्यात एकूण ७ रुपये होतात, पाचव्या दिवशी ३१, सातव्या दिवशी १२७. तिन्ही मूळ संख्या! पण लगेच हुरळून जाऊ नका. चौथ्या दिवशीचे १५ तिघींत सरळ वाटले जातात. अकराव्या दिवशीचे २०४७ मोठे फसवे; ते २३ जणींना प्रत्येकी ८९ असे बरोबर पुरतात.

या वाटेने २०२४ पर्यंत ५२ मूळ संख्या सापडल्या. १९९६ पासून जगभरातले हौशी लोक आपापले संगणक या शोधाला लावतात. प्रत्येकाने थोडं थोडं तपासायचं, आपल्या गटात कामं वाटून घेतो तसंच. त्यांतल्याच अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंटला ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांत मोठी सापडली. डबा १३,६२,७९,८४१ दिवस भरला तर जी बेरीज होईल, ती. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक वाचला, तर न झोपता पावणेपाचशे दिवस लागतील.

उपयोग काय? हिचा थेट काहीच नाही, खरं तेच सांगते. पण तीनशेएक अंकांच्या दोन मूळ संख्या गुपचूप निवडून त्यांचा गुणाकार केला, तर तो जगाला दाखवला तरी चालतो. त्यावरून मूळच्या दोघी शोधणं आजच्या संगणकांना जमत नाही. १९७७ मध्ये निघालेल्या या युक्तीवर इंटरनेटची पुष्कळ कुलपं चालत आली आहेत. म्हणून तर चोर कुलपाच्या नादी लागत नाही. तो तुम्हाला फोन करून ओटीपी विचारतो. तो सांगितला, की कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही.

आता गंमत. ती राक्षसी संख्या न पाहताही तिचा शेवटचा अंक सांगता येतो. दोनाची दुप्पट करत जा: २, ४, ८, १६, ३२, ६४... शेवटी २, ४, ८, ६ हेच चार अंक फिरून फिरून येतात. डब्यातली बेरीज या ओळीतल्या त्या दिवसाच्या संख्येपेक्षा एकाने कमी असते. तिसऱ्या दिवशी ८ मधून १ गेला, ७. दिवसांच्या त्या आकड्याला चाराने भागा. बाकी १ उरते, म्हणजे चौकडीतला पहिला अंक, २. त्यातून एक वजा. शेवटचा अंक १.