तो मळ नव्हे!

मुलींनो, आजचा विषय घराघरांत कुजबुजत बोलला जातो. आपण जरा मोठ्यानं बोलू या. मुलांनीही वाचायला हरकत नाही, बहीण त्यांनाही असतेच की! आणि आईबाबांनी तर वाचावाच.

‘पीसीओडी निघालं’ असं कुणाच्या घरी कळलं की एकदम चिडीचूप होते. डॉक्टर त्यालाच पीसीओएस म्हणतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांची अशी लक्षणं लिहून ठेवली. आज पाळी येण्याच्या वयातल्या दहाजणींत साधारण एकीला हा त्रास असतो.

होतं काय? पोटात बदामाएवढे दोन बीजकोश असतात. दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायचं, पण इथे बरीच बीजं अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत त्यांच्या बारीक पिशव्या दिसतात. लोक त्यांना ‘गाठी’ म्हणतात आणि घाबरतात. कॅन्सरच्या गाठी नव्हेत हं त्या! पुरुषी म्हणतात ती संप्रेरकं प्रत्येक मुलीत थोडी असतातच. इथे ती जास्त होतात. बऱ्याचजणींत इन्सुलिनही वाढतं आणि ते या संप्रेरकांना आणखी चढवतं. मग पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, पुटकुळ्या हटत नाहीत.

सातवीतल्या एका मुलीची मान तिची आई रोज घासायची. मुलं चिडवायची, ‘आंघोळ कर!’ मानेवरचा असा काळपट, मखमलीसारखा पट्टा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असू शकतो. तो मळ नव्हेच, मग घासून जाणार कसा?

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती मागेपुढे होतेच, काळजी नको. पण वर्षानंतरही ९० दिवस पाळीच नाही, तीन वर्षांनंतरही ती २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे येते, किंवा पंधरा वर्षं झाली तरी पहिली पाळी नाही, तर डॉक्टरांकडे जावं. ते रक्त तपासतात; थायरॉइडचा दोष तर नाही ना, तेही बघतात. आणि एक गंमत ऐका. किशोरवयात सोनोग्राफीवरून हा आजार ठरवू नये, असं २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटलंय. कारण या वयात तसे ठिपके धडधाकट मुलींतही दिसतात! अनियमित पाळी आणि वाढलेली पुरुषी संप्रेरकं, दोन्ही असतील तरच निदान.

हा आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. रोज तासभर घाम येईल असं खेळायचं. दोरीच्या उड्या, कबड्डी, सायकल, काहीही. उपाशी राहायचं मात्र नाही. बारीक मुलींनाही हा त्रास होतो, तेव्हा ‘जाडी आहेस म्हणून झालं’ असं कुणी म्हणू नये. डॉक्टर कधी संप्रेरकांच्या गोळ्या देतात, कधी मेटफॉर्मिन. ‘लग्न झालं की आपोआप ठीक होईल’ हे मात्र, आईबाबा, साफ चूक. पुढे मधुमेहाचा धोका असतो, म्हणून साखर तपासत राहावी लागते. आणि मुलं होत नाहीत ही भीतीही उगाच; बहुतेकींना होतात, काहींना उपचार लागतात एवढंच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला बारीकशी खूण करत जा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘शेवटची पाळी कधी आली?’