'फक्त १० मिनिटं द्या' म्हणणाऱ्या लिंकमागे काय काय असतं!

व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक तुम्हालाही आली असणार. 'नमस्कार, मी एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या प्रबंधासाठी १८ ते ३० वयोगटातली मंडळी हवी आहेत. फक्त १० मिनिटं लागतील. फॉर्म भरा आणि प्लीज पुढे पाठवा!' सबमिशनचे दिवस जवळ आले की कुटुंबाच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत असे गुगल फॉर्म फिरायला लागतात. विषय फिरून फिरून दोनच: मन आणि नाती. चिंता, एकटेपणा, ब्रेकअप, लग्नातलं समाधान, आईवडिलांशी असलेला संवाद.

हे फॉर्म भरावेत, आणि मनापासून भरावेत, असं मला अगदी आतून वाटतं. त्यांच्यामागचे किस्से कळले की भरायला मजाही येते.

प्रेमाची प्रश्नावली, थेट पेपरात

इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हाची गोष्ट. १९८५ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज' या दैनिकाने वाचकांसाठी चक्क 'लव्ह क्विझ' छापली. तिच्यामागे होते सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर हे दोन मानसशास्त्रज्ञ. बाळ आईवर विसंबतं, तिला बिलगतं, ती दिसेनाशी झाली की कासावीस होतं. मोठेपणी प्रेमातही असंच काही होतं का, हे त्यांना तपासायचं होतं. वाचकांपुढे तीन छोटे परिच्छेद ठेवले होते. एकात जवळीक सहज जमणारा माणूस, दुसऱ्यात कुणी फार जवळ आलं की अवघडणारा, तिसऱ्यात 'समोरच्याला मी खरंच हवा आहे ना?' या काळजीने पोखरलेला. यातले तुम्ही कोणते?

वाचकांनी भरभरून उत्तरं पाठवली. त्यातली ६२० अभ्यासाला घेतली गेली. ५६ टक्के लोकांना पहिला परिच्छेद आपला वाटला, २५ टक्क्यांना दुसरा, १९ टक्क्यांना तिसरा. १९८७मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि नात्यांच्या संशोधनाला नवं दार उघडलं. आज रील्समध्ये जो तो 'अटॅचमेंट स्टाइल'बद्दल, म्हणजे जवळीक साधण्याच्या याच तऱ्हांबद्दल बोलतो, त्यात पेपर हातात घेऊन प्रामाणिक उत्तर देणाऱ्या त्या वाचकांचा मोठा वाटा आहे.

नऊ प्रश्न, २७ गुण

'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला पुढील गोष्टींचा किती वेळा त्रास झाला?' अशी सुरुवात दिसली की ओळखा, ही पीएचक्यू-९. नैराश्याची लक्षणं मोजणारी ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर सहसा नीट विचारपूस करतात. वापरायला ती विनामूल्य आहे, म्हणून तर ती जगभर पोचली. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: बेरीज म्हणजे निदान नव्हे.

तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तो वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. विचारल्यामुळेच एखाद्याच्या डोक्यात ते भरलं तर? ही भीती मनापासूनची आहे, पण आजवरच्या संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. आत्महत्येबद्दल विचारल्याने तसे विचार वाढत नाहीत. इतर नाजूक प्रश्नांचंही तसंच. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५०४ विद्यार्थ्यांचे गट केले होते. काहींना आघात आणि लैंगिक अनुभवांबद्दलच्या प्रश्नावल्या दिल्या, काहींना बुद्धीच्या चाचण्या. नाजूक प्रश्नांनी पहिल्या गटाच्या भावना थोड्या ढवळल्या खऱ्या, पण डोक्याला शीण मात्र बुद्धीच्या चाचण्या सोडवणाऱ्यांना जास्त जाणवला.

तरीही एखादा फॉर्म भरताना फार जड वाटलं, तर टॅब बंद करा आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

तोच प्रश्न उलटा का विचारतात?

'मी स्वतःबद्दल समाधानी आहे.' चार प्रश्नांनंतर: 'माझ्याकडे अभिमान वाटावा असं फारसं काही नाही.' मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५च्या आत्मसन्मान-मापनात दहा विधानं आहेत, पाच सुलट आणि पाच उलट. सगळीकडे डोळे मिटून 'पूर्णपणे सहमत'वर टिचकी मारत गेलात, तर तुमची उत्तरं एकमेकांशी भांडतात आणि संशोधकाला ते लगेच दिसतं. 'पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत' ही शिडी मात्र आणखी जुनी, रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२मध्ये मांडलेली.

मधेच 'या प्रश्नाला कृपया तिसरा पर्याय निवडा' असंही दिसेल. घाबरू नका, लक्ष आहे ना एवढंच पाहायचं असतं. गरज आहेच त्याची! २०१३मध्ये अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीत ४ टक्के लोकांनी सांगितलं की माणसाचं रूप घेतलेले सरडे जगावर राज्य करतात. त्यातले किती जण खरंच तसं मानत होते आणि किती जणांनी मजेत टिचकी मारली, हे आकडा सांगत नाही. दुर्मीळ आजार किंवा घरातली हिंसा यांबद्दलचा अभ्यास असेल, तर असे ४ टक्के सगळं चित्र बिघडवू शकतात.

आधी डेट, मग आयुष्य

माझा सगळ्यात आवडता प्रयोग हा. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचारल्या: आयुष्यात एकूण किती आनंदी आहात? आणि गेल्या महिन्यात किती डेट झाल्या? या क्रमाने विचारलं तेव्हा दोन उत्तरांचा एकमेकांशी जवळपास संबंधच दिसला नाही. क्रम उलटा केला, आधी डेट आणि मग आनंद, तेव्हा दोन्ही घट्ट जोडली गेली, सहसंबंध ०.६६ आला. प्रश्न तेच. पण डेटची आठवण ताजी झाली आणि तिच्याच चष्म्यातून अख्खं आयुष्य दिसायला लागलं. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत क्रमावर डोकं खाजवलेलं असतं, आणि म्हणूनच मागे जाऊन उत्तरं बदलण्याची सोय काही वेळा बंद ठेवतात.

दोन वर्तुळं

नात्याची जवळीक मोजायला शब्दच लागतात असं नाही. आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये वर्तुळांच्या सात जोड्या काढल्या. एक वर्तुळ तुम्ही, दुसरं ती व्यक्ती. पहिल्या जोडीत वर्तुळं नुसती शेजारी, सातव्या जोडीत जवळजवळ एकमेकांत मिसळलेली. तुमचं नातं कुठे? एका टिचकीत उत्तर!

कॉम्प्युटरपाशी मन मोकळं

१९९८मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात १५ ते १९ वयाच्या अमेरिकी मुलग्यांना लैंगिक अनुभवांबद्दल विचारलं होतं. मुलाशी संबंध आल्याचं कागदी फॉर्मवर १.५ टक्के मुलांनी नोंदवलं. हेडफोनवर प्रश्न ऐकून कॉम्प्युटरवर उत्तर द्यायचं तेव्हा हाच आकडा ५.५ टक्के झाला. कुणी वाचत नाही, कुणी नाक मुरडत नाही, एवढा भरवसा वाटला की माणूस किती बोलतो बघा. मनाच्या आणि नात्यांच्या अभ्यासांसाठी ऑनलाइन पद्धत म्हणूनच एवढी मोलाची.

पैसे घेऊन उत्तरं देणारे

परदेशातले अनेक अभ्यास उत्तरं देणाऱ्यांना थोडे पैसे देतात. २००५मध्ये सुरू झालेलं 'अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क' हे त्यातलं गाजलेलं ठिकाण. त्याचं नाव १७७०च्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरून घेतलं आहे. त्या यंत्राच्या पोटात खरा माणूस दडून बसायचा. २०१०च्या एका पाहणीत इथे काम करणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के लोक भारतातले निघाले, अमेरिकेच्या खालोखाल. पण २०१५च्या एका अंदाजाप्रमाणे एका प्रयोगशाळेला यातून प्रत्यक्षात सुमारे ७,३०० माणसंच मिळतात. म्हणजे तीच ती माणसं, त्याच त्या प्रश्नावल्या. सराईत उत्तरं!

आता नवी काळजी आहे एआयची. २०२३मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी एका छोट्या अभ्यासात लेखी काम देऊन पाहिलं, तर ३३ ते ४६ टक्के कामगारांनी एआयची मदत घेतली असावी असा अंदाज निघाला. मनाबद्दल विचारावं आणि यंत्राचं उत्तर यावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

उत्तरांनी काय दिलं?

पुष्कळ दिलं. १४ फेब्रुवारी २०१८ला बीबीसीने एकटेपणावर ऑनलाइन पाहणी सुरू केली आणि जगभरातून सुमारे ५५,००० माणसं सहभागी झाली. एकटेपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजी-आजोबा येतात. पण बऱ्याचदा किंवा फार वेळा एकटं वाटतं असं म्हणणारे ७५ वर्षांपुढे २७ टक्के होते, आणि १६ ते २४ वयात ४० टक्के!

नात्यांचंही असंच. २०२०मध्ये २९ प्रयोगशाळांनी आपापली माहिती एकत्र आणली: ४३ अभ्यास, ११,१९६ जोडपी. माणूस नात्यात किती समाधानी आहे हे त्याच्या स्वभावापेक्षा त्या नात्याबद्दल त्याला काय वाटतं त्यावरून जास्त कळलं. जोडीदार शेवटपर्यंत साथ देईल का, आपली कदर होते का, भांडणं किती. पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्या आपल्या घरांमध्ये हे मोठ्याने वाचून दाखवावं असं आहे.

सही करण्याआधी

२००८मध्ये जेफ्री आर्नेट यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या जेमतेम १२ टक्के. सांगली, परभणी किंवा रत्नागिरीतून आलेलं एक उत्तर किती दुर्मीळ आहे, ते यावरून समजा.

म्हणून फॉर्म जरूर भरा, पण डोळे उघडे ठेवून. २०१२च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या सुखद-दुःखद पोस्ट कमीजास्त करून त्यांच्या मनावरचा परिणाम पाहिला, त्यांना वेगळं काही न विचारता. २०१४मध्ये हे उघड झालं तेव्हा गदारोळ उठला. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीच्या प्रकरणात तर सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी भरलेल्या स्वभावचाचणीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक प्रोफाइल बाहेर गेली.

म्हणून संमतिपत्र वाचाच. विद्यार्थ्याचं आणि मार्गदर्शकाचं नाव, कॉलेज, उत्तरं कुठे ठेवणार, कधीही बाहेर पडता येईल का, हे तिथे असायला हवं. आधार, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितला तर तो अभ्यास नव्हे, फसवणूक आहे. कंटाळा आला तर फॉर्म मध्येच सोडा. भरकटलेल्या उत्तरांपेक्षा ते चांगलं. निष्कर्ष वाचायचे असतील आणि उत्तरं निनावीही ठेवायची असतील, तर फॉर्ममध्ये ई-मेल टाकू नका. सबमिशन झाल्यावर त्या विद्यार्थ्याला वेगळा मेसेज करा आणि विचारा, काय निघालं?