कपाशीतला तणनाशक सोसण्याचा गुण तणात जातो का?

नागपूरच्या गांधीबागेत, ठोक कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला गेलं, तरी उन्हाळ्याच्या शेवटी शेतकऱ्याच्या गप्पा कपाशीच्या बियाण्यावर येतातच. त्यात एक शंका हमखास निघते: 'चोर बीटी' लावून वर ग्लायफोसेट मारलं, तर कपाशीचा गुण तणात शिरेल आणि तणच मरेनासं होईल का?

थोडक्यात सांगायचं तर कपाशीचा गुण आपल्या तणात जाणार नाही. तण मरेनासं मात्र होऊ शकतं, पण वेगळ्या वाटेनं.

जनुक एका झाडातून दुसऱ्यात जातो तो परागातून, आणि बी धरायला दोन्ही झाडं जवळच्या नात्यातली लागतात. केना, लव्हाळा, हराळी, गाजरगवत, माठ यांचं कपाशीशी तसं नातं नाही. पेटारी कपाशीच्या कुळातली आहे, तरी कपाशीच्या परागानं तिला बी धरत नाही. इतकंच काय, एकेए-७ सारख्या देशी कपाशीतही हा गुण सहजी उतरत नाही. देशी कपाशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीत ५२. क्वचित संकर झालाच तर ३९ गुणसूत्रांचं झाड निघतं आणि ते बहुधा वांझ असतं.

मग अमेरिकेत काय झालं? जॉर्जिया राज्यात २००५ च्या सुमारास कपाशीतला एक माठ ग्लायफोसेटला दाद देईना. तपासलं तेव्हा दिसलं, की त्यात कपाशीचा जनुक नव्हताच. त्या माठानं स्वतःच्याच जनुकाच्या प्रती कित्येक पटींनी वाढवल्या होत्या. दरवर्षी तेच औषध मारलं, त्यातून वाचलेल्या झाडांनी बी टाकलं आणि पुढं तेच वाण माजलं. आपल्याकडेही हे घडू शकतं. त्याला परागाची गरज नाही, फवारणीची सवय पुरते.

तरीही कपाशीचा पराग निरुपद्रवी आहे असं समजू नका. तो जड, चिकट असतो. वाऱ्यानं फार उडत नाही, पण मधमाश्या नेतात. तो जातो शेजारच्या अमेरिकन कपाशीत. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला ३० मीटर आणि पायाभूतला ५० मीटर अंतर ठेवावं लागतं. तुम्ही सरळ वाणाचं घरचं बी राखत असाल आणि बांधापलीकडे चोर बीटी असेल, तर बी धुऱ्याच्या ओळींतून घेऊ नका, शेताच्या मधल्या भागातून घ्या. भेसळीच्या बियाण्यात काही झाडं औषध सोसतात, बाकीची जळतात. ते फवारल्यावरच कळतं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. बोंडअळीविरोधी बीटीला २००२ साली परवानगी मिळाली, एचटीबीटीला अशी परवानगी नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं ती जाहीरपणे पेरली, तीही कायदेभंग म्हणूनच. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे त्यामागचं दुखणं खरं आहे. पण पक्क्या बिलाशिवाय घेतलेलं बी उगवलं नाही, तर तक्रार कोणाकडे करणार?

खरी सावधगिरी धानपट्ट्यात हवी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बांधीत रानटी धान दिसतं, छत्तीसगडमध्ये त्याला करगा म्हणतात. ते धानाच्या अगदी सख्ख्या नात्यातलं, त्यामुळे संकर होतो आणि बीही धरतं. अमेरिकेत तणनाशक सोसणारं धान २००२ पासून आलं. काही वर्षांतच तिथल्या तणधानात तो गुण उतरला. आपल्याकडे २०२१ मध्ये पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे इमाझेथापायर सोसणारे वाण आले. ते जनुकीय बदलाचे नाहीत, पण परागाला त्याच्याशी देणंघेणं नसतं. असं वाण लावलंच तर त्याच बांधीत ओळीनं दरवर्षी लावू नका, आणि फवारणीतून वाचलेलं करगा लोंबी यायच्या आत उपटा. दाणे झडले की पुढची काही वर्षं ते निघत राहतं.

कृषी सहायकांनी 'औषध लागू पडत नाही' ही तक्रार आली, की आधी मात्रा, तणाचं वय आणि पाणी विचारावं. गढूळ पाण्यात ग्लायफोसेट मातीला चिकटून निकामी होतं. हे सगळं बरोबर असूनही एकाच जातीचं तण ठिकठिकाणी हिरवं राहिलं असेल, तर पुन्हा तेच औषध मारायला सांगू नका. तिथं डवरा आणि खुरपं घालायला सांगा, तेही तण फुलावर यायच्या आत.