सरासरीआडची विषमता

राष्ट्राची प्रगती केवळ दरडोई उत्पन्नाच्या तराजूत न तोलता आयुर्मान व शिक्षण यांचाही हिशेब तीत धरावा, या हेतूने महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मानव विकास निर्देशांक संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली प्रसिद्ध केला. परंतु सरकारी दफ्तरांना सरासरी भारी प्रिय, आणि तिच्याआड विषमता सुखाने नांदते. म्हणून २०१० साली विषमता वजा करणाऱ्या निराळ्या निर्देशांकात तिन्ही घटकांसाठी भूमितीय मध्याची तजवीज झाली: एकापाशी २ व दुसऱ्यापाशी ८ रुपये असता सरासरी ५ भरते, त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ मात्र ४, म्हणजे विषमतेपायी पंचमांश वजा. ही वजावट मला मूळ आकड्याहून अधिक बोलकी वाटते. पुढे महामारीच्या अनिश्चिततेत, २०२० व २०२१ मध्ये, मूळ जागतिक निर्देशांकही आरंभापासून प्रथमच लागोपाठ दोन वर्षे घसरला.