मुकाट्याने झिजणारी मूत्रपिंडे

दुखत नाही तोवर दुखणे नाही, अशी आपली एक घरगुती व्याख्या आहे. दाढ ठणकली की आपण दाताच्या डॉक्टरकडे धावतो, कंबर धरली की शेक घेतो. पण रक्तदाब ठणकत नाही आणि मूत्रपिंडे तर त्याहून सोशीक. तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे दवाखाना चालवतो आहे. या दोन मुक्या सोबत्यांनी मिळून घरेच्या घरे कशी हलवून सोडली, हे मी जवळून पाहिले आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला ही मुठीएवढी मूत्रपिंडे असतात. आकार लहान, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव या गाळण्यांतून जातो. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकते.

आता चहाच्या गाळणीवर रोज जोराची धार सोडली तर काय होईल? जाळी सैल होईल. वाढलेला रक्तदाब नेमके हेच करतो. जे प्रथिन रक्तातच राहायला हवे ते लघवीतून झिरपू लागते. बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, पुढच्या गाळण्यांना रक्त कमी पडते आणि त्या एकेक करून सुकतात. गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. गंमत अशी, की रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंड ‘रेनिन’ नावाचे द्रव्य सोडते आणि त्यामुळे रक्तदाब आणखी वाढतो. १९३४ साली हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून रक्तदाब चढतो हे दाखवून दिले होते. म्हणजे दाबाने मूत्रपिंड बिघडते आणि बिघडलेले मूत्रपिंड दाब वाढवते. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

माझ्या एका रुग्णाची हकिकत सांगतो. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सहज तपासले तर दाब १७०/१००. गोळी सुरू केली, दोन महिन्यांत दाब ताळ्यावर आला. आणि काकांनी गोळी बंद केली! “नॉर्मल आलंय ना डॉक्टर, मग उगाच सवय कशाला लावून घ्यायची?” मी परोपरीने समजावले, निरोप पाठवले, पण काका फिरकले नाहीत. गुडघे दुखायचे, त्यासाठी मात्र मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या रोज घेत होते. चार वर्षांनी आले ते सुजलेला चेहरा आणि धाप घेऊन. क्रिएटिनिन सहाच्या वर, हिमोग्लोबिन सात. आता आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी डायलिसिस, दर वेळी चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचा भार हलका झाला, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबतीला जाणाऱ्या मुलाची बुडणारी मजुरी कोणत्या योजनेत बसणार? काकू एकदा म्हणाल्या, “गोळ्यांचे पैसे वाचले म्हणून किती खूश होते हो हे!”

चष्मा लावल्यावर नीट दिसते, म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही. रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच आहे. तिची ‘सवय’ लागत नाही. ती घेतो म्हणून दाब ठीक असतो.

सूज, फेसाळ लघवी, रात्री वारंवार उठावे लागणे, थकवा ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. म्हणून वाट पाहू नये. रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात. एक, रक्तातले क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली असेल तर तो दीर्घकालीन आजार समजावा. दुसरी, लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण. ते ३०च्या आत हवे. ही दुसरी तपासणी सर्रास राहून जाते. पण मूत्रपिंडाचे निम्मे काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसू शकते, तेव्हा लघवीच आधी चुगली करते. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२०च्या दशकात चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवून हे प्रथिन ओळखले होते. आज तर साधी प्रयोगशाळा पुरते!

उपचारही आता पुष्कळ सुधारले आहेत. बहुतेकांचा दाब १३०/८०च्या आत ठेवायचा असतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते ती औषधे दाब तर उतरवतातच, शिवाय गाळणीवरचा ताणही हलका करतात. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढले तर घाबरून परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी निघालेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधाने मधुमेह नसलेल्यांच्याही मूत्रपिंडाची झीज मंदावते, हे २०२० साली सिद्ध झाले.

आणि आता स्वयंपाकघर. दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स सगळे आले. ताटात डावीकडे मीठ वाढण्याची आपली पद्धत आहे. रक्तदाब असलेल्या घरात ती मोडायला हरकत नाही. सैंधव ‘चालते’ हा गैरसमज. तेही मुख्यतः सोडियमच. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना ते हृदयाच्या ठोक्यांपर्यंत महागात पडू शकते. शहाळ्याच्या पाण्याचेही तेच. भरपूर पाणी प्यायल्याने बिघडलेली मूत्रपिंडे धुऊन निघत नाहीत. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नयेत.

आज रविवार आहे, घरची मंडळी एकत्र असतील. आईवडिलांची शेवटची लघवीची तपासणी कधी झाली, एवढे विचारून पाहा. उत्तर आठवत नसेल, तर ती उद्या सकाळीच करून घ्या.