पोटकलमातून उगवलेले खंडपीठ

मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ सुरू झाले ते मुख्य न्यायमूर्तींच्या जेमतेम एका वाक्याच्या आदेशाने. तारीख २७ ऑगस्ट १९८१.

निजामाच्या काळात मराठवाड्याचे उच्च न्यायालय हैदराबादला होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पक्षकारांना मुंबईची वाट धरावी लागली. औरंगाबाद आणि पुण्याला कायम खंडपीठ द्यावे, असा ठराव विधानसभेने १९७८ मध्ये एकमताने केला. पण राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(२) प्रमाणे कायम खंडपीठ राष्ट्रपतींनी द्यायचे असते आणि दिल्लीचा निर्णय काही होईना. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी शेजारचे पोटकलम ५१(३) वापरले. राज्यपालांची मान्यता घेऊन न्यायमूर्ती कुठे बसतील ते मुख्य न्यायमूर्ती ठरवू शकतात, एवढेच त्यात म्हटले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये हा आदेश रद्दही केला! सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो पुन्हा उभा केला: हा मुख्य न्यायमूर्तींचा निर्विवाद अधिकार, अट फक्त राज्यपालांच्या मान्यतेची. राष्ट्रपतींची मोहोर उमटली ती थेट १९८४ मध्ये.

इथे निदान विधानसभेचा ठराव पाठीशी होता आणि राज्यपालांची सही लागत होती. कोणता खटला कोणत्या न्यायमूर्तींपुढे जाईल, हे ठरवताना मुख्य न्यायमूर्तींना तेवढेही बंधन नाही. खरी चिंता तिथे आहे. १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन खटल्यांच्या वाटपावर आक्षेप घेतला आणि लोकशाहीच धोक्यात असल्याचे सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये ज्येष्ठ वकील शांतिभूषण यांच्या याचिकेवर न्यायालयाने निकाल दिला, की वाटपाचा अधिकार एकट्या सरन्यायाधीशांचाच. जर्मनीत हे वाटप आधीच ठरवलेल्या लेखी नियमांनी होते. याउलट पोलंडमध्ये २०१७ च्या कायद्याच्या आधारे न्यायमंत्र्यांनी न्यायालयांचे अध्यक्षच बदलले. न्यायदानावर पकड बसवायची तर न्यायालयाच्या प्रमुखाच्या या एका खुर्चीपासून सुरुवात करावी लागते, हे तिथल्या सत्ताधाऱ्यांना नेमके उमगले होते. मराठवाड्याच्या वाट्याला या खुर्चीची चांगली बाजू आली, हे आपले नशीब.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच मिळाले, तेही ५१(३) खालीच. १९७८ च्या त्याच ठरावात नाव असलेल्या पुण्यासाठी मात्र असा आदेश निघालेला नाही.