खानदेशी कादंबरीतल्या नायकांची नावं

पात्राचं नाव वाचकाला त्याचा मुलूख आणि घरची श्रद्धा सांगतं. भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांत हे ठळक दिसतं. त्यांचा जन्म 1938चा, यावल तालुक्यातल्या सांगवीचा.

🔸 पांडुरंग सांगवीकर ('कोसला', 1963): आडनावात लेखकाचंच गाव, नावात विठ्ठल. जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. अशा मुलखात हे नाव अगदी घरचं.

🔸 चांगदेव पाटील ('बिढार', 'जरीला', 'झूल'): नाव योगी चांगदेवांचं. तापी-पूर्णा संगमावर त्याच नावाचं गाव आणि मंदिर आहे. पाटील हे आडनाव खानदेशात गावोगाव.

🔸 खंडेराव ('हिंदू', 2010): खंडोबाचं नाव, पुरातत्त्व अभ्यासक नायकाला परंपरेशी जोडणारं.

गाव, संत आणि दैवत या तीन स्रोतांतून आलेली ही नावं म्हणूनच खरी वाटतात.